पाठांतर

डुलुथमध्ये तळघरातली भट्टी धडधडते
आणि सरोवरावर बर्फ कडकडतो, तेव्हा
आम्ही मेणबत्ती नाही, ट्यूबलाइट लावतो.
ऑरिनला हल्ली फाशांवरचे आकडे दिसत नाहीत.

एकतीस वर्षं मी यांची भुयारं आखतेय.
राक्षस माझे, धुकं माझं,
खानावळीतलं शिळं मटणही माझंच.
ऑरिन खनिजाच्या धक्क्यावर होता, खेळातही लोखंडच:
हाल्व्हर, ढाल आणि कुऱ्हाड, एक घाव दोन तुकडे.
डेल्मार औषधाच्या दुकानात गोळ्या मोजायचा,
म्हणून असेल, तो जादूगार झाला.

सुरुवातीला त्याच्याकडे मंत्र एकच
आणि जीव एवढासा, की
मांजरीनं ओरबाडलं असतं तरी आटोपला असता.
हाल्व्हरनं त्याला काखोटीला मारून दलदल पार केली.
तेव्हा ऑरिन म्हणायचा,
"हे ओझं कशाला पोसतोय आपण?"

मग पातळ्या चढल्या.
डेल्मार उडू लागला. भिंतीतून जाऊ लागला.
अख्खी टोळी झोपवली एका ओळीत,
ड्रॅगनशी त्याच्याच भाषेत घासाघीस केली.
आणि ऑरिनची पाळी आली की तेच:
"मी मारतो." फासा. "परत मारतो."
एकदा त्यानं पेन्सिल मोडली.
"मी इथे काय दारं उघडायला आहे?"
"दारंही मीच उघडतो," डेल्मार म्हणाला. खरंच होतं.

त्या उन्हाळ्यात मी वहीत नियम खरडत बसले:
जादूला थकवा, कुऱ्हाडीला जास्त धार,
मंत्रागणिक मोत्याचं महागडं चूर्ण.
तराजू काही सरळ होईना.
एका पारड्यात लोखंड, दुसऱ्यात वारा,
वजनं कुठून आणू?

एका जुन्या नियमाला मात्र कधी हात लावला नाही:
जादूगारानं पहाटे मंत्र पाठ करायचे,
आणि म्हटला की तो मंत्र डोक्यातून पुसला जाणार.
कुऱ्हाड पाठ करावी लागत नाही.

गेल्या थंडीत डेल्मार गाडी कुठे लावली ते विसरला.
मग मेहुणीचं नाव.
मग, मेहुणी आहे हेही.

फेब्रुवारीत, बाराव्या दालनात, तो म्हणाला, "अग्निगोल."
तासाभरापूर्वीच फेकला होता त्यानं.
मी फासे उचलले. म्हटलं, जळू देत माझे राक्षस,
माझं काय जातंय.
"नाही," ऑरिन म्हणाला.
"तो खर्ची पडलाय. दुसरा काढ."

भट्टी तेवढी बोलत राहिली.
मला वही फेकून मारावीशी वाटली ऑरिनला.
डेल्मारनं चष्मा काढला, स्वेटरला पुसला.
"लोखंड्या, तुला रे काय कळतं मंत्रांतलं?"
"काही नाही. मोजता येतं मला."
आणि भांडले दोघं, पाऊण तास,
थुंकी लावून नियमपुस्तकाची पानं उलटत,
चहा, बिस्किटं, मी, सगळं विसरून.

सापडला शेवटी एक मंत्र, कागदाच्या तळाशी,
फुटकळ, पहिल्या पातळीचा: तळहातावर उजेड.
त्यानं तो म्हटला.
हाल्व्हर ढाल घेऊन पुढे सरकला
तेवढ्याशा उजेडात.

दारामागे काय आहे ते मी अजून सांगितलेलं नाही.

वर जाताना जिन्यात डेल्मारनं विचारलं,
"आज कोण जिंकलं?"
ऑरिन म्हणाला, "पायरी बघ."