कोरडी जागा

वाल्बुर्गाबाईंनी तळघराचं दार उघडलं
आणि माणसाआधी वास पुढे आला,
विझलेल्या आगकाडीचा, आंबूस.
मी समजून चुकले. दगड कुजले होते.

दगडही कुजतो, हे मला नोकरीने शिकवलं.
हुन्सरुकच्या या डोंगरात पाटीचा काळा दगड निघतो,
त्यात चाळीस कोटी वर्षांपूर्वीचे जीव,
मांसाच्या जागी पिवळं माक्षिक भरलेले.
बाहेर काढले की सोन्यासारखे झळकतात.
दमट हवेत ठेवले की ते सोनं
आतल्या आत आंबतं, आम्ल होतं,
आधी स्वतःला खातं,
मग चिठ्ठीला,
मग खोक्याच्या बुडाला.

ओटमार किसेल चौतीस वर्षं खाणीत
छपरांसाठी पाट्या फोडत होता.
छिन्नीखाली एखादी वेगळी वाजली
की ती डब्याखाली दडवून घरी.
रात्री पितळी ब्रशने घासत बसायचा,
समुद्रताऱ्याचा एक हात मोकळा करायला
अख्खा हिवाळा जायचा.
मग सिगारचं खोकं, कापूस, वर चिठ्ठी:
खाण, थर, तारीख.
स्वतःच्या अक्षराची लाज वाटे,
म्हणून चिठ्ठ्या बायकोकडून लिहून घेई.

पहिलं खोकं: पिवळट भुकटी.
चौथं: भुकटी, आणि "नोव्हेंबर" एवढा तुकडा.
नवव्यात समुद्रलिलीचा देठ,
कुणी पिठाने काढून ठेवल्यासारखा.
मी श्वास बाजूला सोडला.
सतराव्यात दगड धडधाकट, चिठ्ठी मात्र गिळलेली.
असल्या दगडाला आमच्या दफ्तरात
"संदर्भहीन" म्हणतात, आणि शेवटच्या फळीवर ठेवतात.

"इथे का ठेवले हो?"
"त्याला वाटायचं, होते तशाच
गार, अंधाऱ्या जागी त्यांना बरं वाटेल."

वर स्वयंपाकघरात तिने कॉफी केली,
किटली उतरवली चुलीशेजारच्या काळ्या पाटीवर.
पाटीच्या कडेला पांढरा ठिपका,
ठिपक्यात शाईने २१२.
ओटमारच्या वहीत २१२ समोर
एकच शब्द होता: रायमुंड.

रायमुंड गावचा डॉक्टर. तोही गेला.
रविवारी दवाखाना बंद असला
की दोघं पाट्यांचे क्ष-किरण फोटो काढायचे,
हळू बोलत, चोरी करत असल्यासारखे.
तिने टेबलक्लॉथखालून एक फिल्म काढली
आणि खिडकीच्या काचेला लावली:
न फोडलेल्या पाटीच्या पोटात
तेरा-चौदा हातांचा तारा, सबंध,
एक हात दुमडून घेतलेला,
आणि कोपऱ्यात डॉक्टरचा अंगठा, हाडासकट.

"फोडली नाही?"
"तोवर त्याचे हात कापायला लागले होते.
म्हणाला, चुकलो तर?
राहू दे किटलीखाली. पाटी कोरी आहे असं समज."

एकोणतीस वर्षं. लाकडाची चूल,
दिवसातून दोनदा किटलीचं गरम बूड.
माझ्या बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या होत्या,
हवाबंद डबे, ओलावा मोजायचं यंत्र.
यंत्र मी पाटीपाशी धरलं.
आकडा बघून पुन्हा झटकलं, पुन्हा धरलं.

पावतीवर तिने सही केली, सावकाश,
चिठ्ठ्यांवरचं तेच अक्षर.
मग पेन खाली न ठेवता विचारलं,
"ही नेलीत तर किटली कशावर ठेवू?"

नियमावलीत हे कलम नव्हतं.
मी रकाने भरले:
२१२. स्थिती उत्तम.
ठिकाण: चुलीजवळ.
शेरा: वापरात आहे.

बाहेर खोकी गाडीत चढवताना मान वर गेली.
उतारभर छपरं, काळी, एकावर एक पाटी,
निम्मी त्याच्या हातची.
किती तरी त्याला वाजून सांगितल्या नसतील.

नववं खोकं मी मागे ठेवलं नाही,
मांडीवर घेतलं.
रस्ता घाटाचा.
ड्रायव्हरला म्हटलं, जरा हळू.