प्रश्न अकरावा

मार्च संपत आला तरी नारीनमध्ये नदीवर बर्फ आहे.
डीनना सोमवारपर्यंत आकडा हवाय,
एकच आकडा, दशांश चिन्हासकट.
म्हणून रात्री शेगडीला पाठ लावून
मी एकसष्ट जणांचं समाधान मोजते आहे.

एक म्हणजे अजिबात नाही. पाच म्हणजे पूर्ण.
मधल्या तीनला आम्ही नाव दिलंय 'सांगता येत नाही',
आणि सगळ्यात जास्त दाटी तिथेच.

तेमिरलान बिश्केकमध्ये, सातव्या मजल्यावर,
स्वतःची खोली, न अडखळणारं वायफाय.
त्याने वरपासून खालपर्यंत दोन दिलेत.
शेऱ्याच्या जागी एवढंच :
'पेन संपलं तर मागायला शेजारी कुणी नसतं.'

चोल्पोनायने चार आणि पाचच्या मधोमध खूण केली आहे.
लिहिते, 'बाळ तुमचं व्याख्यान रोज ऐकतं.
दहाव्या मिनिटाला झोपतं. आभारी आहे.'

सीर्गाने सगळीकडे पाच.
ती मॉस्कोत, एका खानावळीच्या तळघरात,
कांदे सोलताना एका कानात मी,
दुसऱ्या कानात मुकादम.
तिचा कॅमेरा नेहमी बंद. एकदाच चुकून लागला
आणि साठ जणांनी पाहिलं :
कांद्याचं पोतं, पोत्यावर वही,
वहीत माझाच आलेख, माझ्यापेक्षा नेटका.
कुणी चकार शब्द काढला नाही.
मग कुणीतरी आपला कॅमेरा लावला,
मागे दोरीवर वाळणारे मोजे.
मग आणखी एकाने : गोठा.
आणखी एकीने : आजारी वडील, भिंतीकडे तोंड करून.
त्या दिवशी प्रमाण विचलन शिकवायचं होतं,
ते राहिलं.

बेरीज केली, भागाकार केला.
तीन पूर्णांक चार.
या नावाचं माझ्या पटावर कुणी नाही.

राहता राहिला प्रश्न अकरावा :
'तुमच्या शंकांचं समाधान वेळेवर होतं का?'
कुबातने पाच दिलेत.
आणि इथे माझा हात अडतो.

कुबात आत-बाशीच्या वरच्या कुरणातला.
रेंज फक्त कड्यावर, म्हणून तास घोड्यावर.
हजेरीला त्याच्याआधी घोडाच फुरफुरायचा,
मी दोघांचीही लावायचे.
नोव्हेंबरात, संभाव्यतेच्या तासाला,
गालात कुरुतची आंबट गोळी धरून तो म्हणाला,
'बाई, पण जर'
आणि रेंज गेली.
चौकटीत चेहरा थिजला,
तोंड अर्धं उघडं, भुवईवर बर्फाचा कण.
चार महिने झाले,
ते 'पण जर' माझ्या स्वयंपाकघरात असतं.
चहा गाळताना, कुलूप लावताना
मी त्याच्यापुढे वाक्यं जोडून बघते.
पण जर फासा खोटा असेल?
पण जर दोन्ही घटना एकाच वेळी?
पण जर मी परतच आलो नाही?

काल तो बाजारात उतरला होता, फोन लागला.
विचारलं, त्या दिवशी काय विचारायचं होतं?
मागे मेंढ्या, कुणाची तरी घासाघीस.
'बाई, ते त्या दिवशी विचारायचं होतं.'

मग पाच कसे दिलेस रे?

जरा थांबून म्हणाला,
'घोडा आणखी वर नेला तेव्हा परत जोडलो गेलो.
तास संपला होता, सगळे गेले होते.
तुम्ही तेवढ्या होतात.
माझा आवाज तुमच्यापर्यंत येत नव्हता,
म्हणून हात हलवला, खूप वेळ हलवला.
तुम्ही खिडकीकडे बघत होतात.'