पाणी मुरतंय

दोन माग भंगारात किलोवर गेले.
फरशीत आठ बोल्ट राहिले,
आणि तेलाचा एक काळा डाग
जो सोड्यानं घासूनही हटला नाही.
पंचवीस वर्षं हादरे खाल्लेली जमीन आहे,
दीड टन समुद्र सहज झेलेल,
असं मैनोद्दीन गवंडी म्हणाला आणि हसला.
समुद्र म्हटलं की
सोलापुरात सगळेच हसतात.

आमचा नळ पाचव्या दिवशी, पहाटे तीनला,
तोही आधी शिंकतो, खोकतो.
बोअरचं खारं. त्यात डाळ शिजत नाही,
बादलीला पांढरी कड धरते.
जन्मभर त्या खारेपणापासून पळालो
आणि आता नळाचं पाणी थेंबाथेंबानं गाळतो,
त्याला चवच उरत नाही इतकं,
मग त्यात
विकतचं मीठ कालवतो.
लिटरला पस्तीस ग्रॅम,
सूत मोजायच्या जुन्या काट्यावर.
गाळताना एकाला तीन बादल्या वाया जातात.
त्या भूलक्ष्मी मोजून घेते, भांड्यांना, फरशीला,
आणि माझ्याकडे बघत नाही.

काच भरली. दगड रचले.
आत काही नाही.
दिवे लागतात, पंप फिरतो, पाण्याला लाट येते,
आत काही नाही.
गल्लीतली पोरं नाक चिकटवून बघतात:
काका, मासे कुठायत की वो?
अम्मा सकाळ-संध्याकाळ विचारते, चेपलेवि रा?
मी सांगतो, पाणी मुरतंय.
समोरचा दासरी पान थुंकून म्हणतो,
कुठंतरी मुरतंय खरं.

आधी विष चढतं. मग दुसरं विष पहिल्याला खातं.
मग तेही उतरतं.
पुस्तकात एवढंच, चार ओळींत.
घरात त्याला सात आठवडे लागले.
काचेच्या नळीतला रंग ओळखायला मी भूमय्या मामाला बोलावतो.
चाळीस वर्षं सुताला रंग चढवला त्यानं,
नखं अजून निळसर आहेत.
तक्ता बाजूला सारतो, नळी उन्हात धरतो:
अजून चिमूटभर हिरवं आहे, थांब.

मे महिन्यात त्रेचाळीस झालं आणि रात्री लाईट गेली.
इन्व्हर्टर दीड तासात ओरडून गप्प झाला.
सोडावाल्या गफूरकडनं गोठलेल्या बाटल्या आणल्या,
पाण्यात सोडल्या,
तांब्यानं पाणी उचलून वरून ओतत राहिलो.
हात भरून आला तेव्हा अम्मा उठली,
पदर खोचून काठी घेतली,
आणि खळीला गाठ धरू नये म्हणून ढवळतात
तसं ढवळायला लागली, न बोलता,
जणू उद्या ताणा लावायचाय.
कुणाला जगवत होतो?
मासा नाही, गोगलगाय नाही.
दगडाच्या भोकांत काहीतरी, डोळ्याला न दिसणारं,
त्याला श्वास हवा होता म्हणे.
पहाटे पंप परत गरगरला
आणि अम्मा तिथंच, बोल्टाच्या शेजारी, झोपली.
माग गेल्यापासून तिला झोप नव्हती.
म्हणायची, घर फार शांत झालंय.

मग पोवळ्याचा तुकडा आला, अंगठ्याएवढा,
हैदराबादच्या कुणीतरी टाकीत वाढवलेला,
थर्माकोलच्या डब्यात, एसटीच्या पार्सलात.
दगडाला चिकटवला. नऊ दिवस मिटून बसला.
दहाव्या दिवशी मी दाढी करत होतो,
भूलक्ष्मीनं हाक मारली, नुसतं, अहो.
बोटं उघडली होती, तपकिरी, बारीक,
लाटेबरोबर जात होती, परत येत होती.
ती बराच वेळ उभी राहिली. कुकरच्या शिट्ट्या
आम्ही दोघांनीही मोजल्या नाहीत.

अम्मानं विचारलं, झाड आहे की जनावर?
जनावर, मी म्हणालो, पण उन्हावर जगतं.
तिनं बोट बुडवलं, जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं.
मीठ जास्त झालंय.
हसलो. मग मोजलं.
होतं जास्त, एका अंकानं.
इथलं ऊन पाणी तेवढं उचलून नेतं,
मीठ ठेवून जातं.
गाळलेल्याचा ड्रम वाजवून बघितला:
बुडाशी आहे थोडं.
नळ परवा.