चीत

ओनोदेराला हाचिनोहेच्या हॉलचं छत पाठ आहे.
तिसऱ्या तुळईत अडकलेला व्हॉलीबॉल,
चौऱ्याण्णवपासून तिथेच, हवा गेलेला.
आओमोरीत गळक्या पत्र्याचा डाग,
मोरिओकात सदतीस दिवे, त्यातले दोन मेलेले.

आस्मान दाखवलं, म्हणतात लोक.
एकतीस वर्षं त्यानं तेच पाहिलं,
पगारी.

मी पंच. मोजणारा.
त्याच्या कानाशी माझा तळहात तीनदा आपटतो.
एकला तो श्वास घेतो.
दोनला खांदा उचलावासा वाटत असेल,
कधी विचारलं नाही.

आज शेवटची.
मालक म्हणाला, जिंक बाबा आजच्या दिवस.
समोर हातानाका, बावीस वर्षांचा पोरगा,
त्याला पडायला यानंच शिकवलेलं:
हनुवटी छातीला, हात आधी, मग पाठ.
पोरगा पडला, इतका सुरेख पडला
की ओनोदेरा त्याच्यावर ओणवा होऊन थबकलाच.
"पुढे काय करायचं असतं?"
मला कुजबुजत विचारतोय.
"दाबून धर," म्हटलं,
आणि जरा घाईनंच मोजलं.

तीनेकशे माणसं. टाळ्या.
एका म्हातारीनं पिशवीभर संत्री दिली.

साडेदहाला दोर सोडायला आलो
तर हा रिंगणात उताणा,
गुडघ्याचा पट्टा सैल करून.
"नुमाकुरा, तो चेंडू काढला रे कुणीतरी."

मी वर पाहिलं.
चेंडू होता तिथेच.
त्याचा चष्मा माझ्या खिशात होता.