चौतीस मीटर

केटरिंगच्या एका हॉटेलात, जिथे एरवी लग्नाच्या पार्ट्या होतात,
आम्ही अकरा जण. चहा, बिस्किटं, छातीवर नावाची चिठ्ठी.
एक प्लंबर, एक फुलवाली, एक पाद्री (हो, पाद्रीसुद्धा)
आणि मी, मृण्मयी धारप, डोळे तपासणारी.
लायसन्सवर डाग नको म्हणून
फी भरून चार तासांची ही शाळा.

ग्लेनिसबाई आधी अँब्युलन्सवर होत्या.
त्या ओरडत नाहीत, रक्ताचे फोटो दाखवत नाहीत.
एवढंच विचारतात, "कुठे पोचायचं होतं?"
प्लंबर म्हणाला, गिऱ्हाईक खोळंबलं होतं.
पाद्री म्हणाला, अंत्यविधीला.
कुणीतरी हसलं, मग कुणीच नाही.
मी म्हणाले, मुलीला शाळेतून आणायला.

तीसच्या रस्त्यावर अडतीस.
आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
"अडतीसला तर माझी लूनासुद्धा जायची गं!"
अगं, मैल. मैल, आई.

मोजपट्टी हॉलमध्ये मावेना, म्हणून कार पार्कात गेलो.
टोक माझ्या हातात.
"तीसच्या वेगाला तेवीस मीटर लागतात थांबायला,
रस्ता कोरडा, आणि लक्ष रस्त्यावर."
आणि लक्ष नसेल तर? मीच विचारलं.
बाई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या.
"दोन सेकंद नसेल, तर अडतीसला चौतीस मीटर.
ब्रेक नंतर."
मी मागे मागे चालत गेले,
कचऱ्याच्या डब्यांपलीकडे, थेट कुंपणापर्यंत.
कुंपणाबाहेरून एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती.
चाक कुरकुरत होतं.

कॅमेऱ्याने वेग टिपला. मांडी नाही टिपली.
मांडीवर फोन होता, मी लिहीत होते: आलेच.
तीन अक्षरं.
आपण निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो,
आणि वाटेतच असलो की 'आले'.
भूतकाळ. अजून यायची आहे, तरी भूतकाळ.
मधला रस्ता आम्ही व्याकरणातच गाळून टाकलेला.

हे मी त्या हॉलमध्ये बोलले नाही.
इथे बोलते आहे.

त्याच्या आदल्या गुरुवारी
आर्थर पिकरिंग माझ्या खुर्चीत होते, वय एक्क्याऐंशी.
खिडकीतून वीस मीटरवरची नंबरप्लेट वाचायला सांगितली.
त्यांनी अंदाजाने तीन अक्षरं सांगितली, तिन्ही चुकली.
आता गाडी बंद, मी म्हणाले. किती सहज म्हणाले!
ते वाद घालत बसले नाहीत.
"रविवारी बायकोच्या थडग्यावर जातो मी.
आमच्या गावातून रविवारी बस नसते."
एवढंच. आणि किल्ली टेबलावर ठेवली,
जणू मी जप्तीला आले होते.
मी ती त्यांच्या हातात परत दिली, बोटं गार होती.
माझी नजर सिक्स बाय सिक्स.

आता फोन डिकीत असतो.
शाल्वी चिडते: रिप्लाय का नाही दिलास,
सहा मिनिटं गेटपाशी उभी होते मी.
सहा मिनिटं. मी तिच्या बुटांकडे बघते,
नाडी सुटलेली, दोन्ही पाय जागच्या जागी.

काल रॉकिंगहॅम रोडच्या झेब्रापाशी थांबले.
समोरून आर्थर पिकरिंग, हातात डॅफोडिल्सची जुडी,
पावलापावलाला वेळ घेत.
मधोमध थांबून त्यांनी हात वर केला,
इथे करतात तसा, थांबलेल्या कुठल्याही गाडीला.
काचेमागे कोण आहे ते त्यांना दिसलं नसणार.
मागच्याने हॉर्न वाजवला.
शरमेने मान खाली जाते म्हणतात.
मी ती जाऊ दिली नाही.
ते फुटपाथवर चढेपर्यंत
बघत राहिले.