रिकामी जागा

मी अक्षरांवर पैसे घेतो. बापही तसेच घ्यायचा.
म्हणून आमच्या खोऱ्यात म्हातारी माणसं
आपलंच नाव बोटांवर मोजून बघतात.
द्रागोल्युब महागात जातो,
वूक स्वस्तात. आमच्या लिपीत तीनच अक्षरं.

वूक म्हणजे लांडगा.
परवा गेला, एक्याऐंशी पुरी करून,
झोपेत, पायाशी मांजर.

त्याच्या आधीची चौघं वरच्या ओळीत, बापाच्या छिनीची:
रादोमिर, ज्याच्यात आनंदही होता आणि शांतताही,
अकरा दिवस.
त्स्वेता, फूल. एक हिवाळा.
द्रागोल्युब, लाडका,
आणि औषधी पाल्यावरून नाव ठेवलेली बिलयाना,
ती तापानं गेली.
आई त्यांची झिवाना, म्हणजे जितीजागती.
नावं अशी थट्टा करतात, वर चेहरा सरळ ठेवतात.

पाचव्या वेळी सुईण पेर्सिदा
नाळ कापून, हात न धुताच उंबऱ्यावर आली
आणि डोंगराला ऐकू जाईल अशी ओरडली:
लांडगीला लांडगा झाला! ऐका हो, लांडगा!
गोष्टीतल्या पोरानं गावाला दोनदा फसवलं,
पेर्सिदानं मरणाला एकदाच.
ते ऐंशी वर्षं पुरलं.

लांडगा कसला!
कुत्रं भुंकलं की कुंपणाच्या अलीकडेच थांबणारा.
मधमाश्या पाळायचा, त्यांच्याशीही अहोजाहो.
कोंबडी कापायची तर शेजारच्या नेनादला हाक.
नेनाद म्हणजे अनपेक्षित. आईनं आशा सोडल्यावर आलेला,
पुढे जन्मभर जेवणाच्या वेळेलाही तसाच येत राहिला.

माझी थोरली बहीण स्ताना. म्हणजे थांब.
पोरींना सांगितलेलं, पुरे आता.
तिच्या पाठीवर आणखी तीन आल्या.
मग मी, स्तानोये. शब्द तोच, विनवणी वेगळी:
थांब रे, राहा.
तिच्या मागे लावून घेतलेलं दार,
माझ्यासाठी पुढे सरकवलेली खुर्ची.
तिनं हे कधी बोलून दाखवलं नाही.
मीही विचारलं नाही.

गेल्या पानगळीत वूक आला, मधाची बरणी घेऊन.
म्हणाला, स्तानोये, माझं आणखी एक नाव होतं.
मी पोटात असतानाच आईनं ठरवलेलं, गोड.
कुणी ऐकेल म्हणून उजेडात कधी उच्चारलं नाही.
मला ताप चढला की पांघरुणाखाली
कानाशी काहीतरी पुटपुटायची.
मी ग्लानीत. ऊब पोचायची, शब्द नाही.
शेवटी विचारलं, आता तरी सांग.
तिनं आधी खिडकीकडे पाहिलं,
आणि ओठ मिटून घेतले.

दगडावर त्याच्यासाठी जागा ठेव, म्हणाला.
किती अक्षरांची?
त्यानं बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.
ठेव जरा ऐसपैस. आई कंजूष नव्हती.

आज तीन अक्षरं दुपारच्या आतच झाली.
खालची जागा अजून घासतोय,
संध्याकाळ झाली तरी.
उद्या त्याची ल्युबिंका येईल हिशेब विचारायला.
न कोरलेल्याचे किती घ्यायचे
हे बापानं शिकवलं नव्हतं.
बरणी अर्धी आहे अजून.