काटा थांबेपर्यंत

मार्केट यार्डात मी तोलार.
हळदीचं पोतं काट्यावर घ्यायचं,
आकडा मोठ्यानं ओरडायचा,
दिवाणजी लिहून घेतात.
वीस वर्षं हेच.
घरी येतो तेव्हा भुवया पिवळ्या, नखं पिवळी
आणि आवाज अजून यार्डातलाच.

माझी सन्मती
साधा शब्द बोलायचा तरी विहिरीत उतरल्यासारखी उतरते.
'प'च्या पायरीवर पाय ठेवते,
मागं घेते,
पुन्हा ठेवते.
मानेवरची शीर उभी राहते.
तेवढ्यात मी म्हणून मोकळा होतो,
पाणी ना? हे घे.
ती पिते.
तिला पेन्सिल हवी होती
हे मला रात्री कळतं,
गृहपाठाची वही कोरी बघून.

शाळेत हजेरीला ती नुसता हात वर करते.
एकदा बाईंचं लक्ष नव्हतं.
पटावर गैरहजर,
आणि ही तिसऱ्या बाकावर बसलेली, दिवसभर.

आत्तीनं वेखंड उगाळून चाटवलं.
मिरजेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
जिभेला काही झालेलं नाही,
तुम्ही ती बोलेपर्यंत थांबता का?
थांबतो की, म्हटलं,
आणि त्यांचं पुढचं वाक्यही
मीच पुरं करून टाकलं.

एका शनिवारी तिची आई तासगावला,
म्हणून पोरीला यार्डात नेलं.
रुमालाखालचा सौदा आता कोण करतंय?
पण नेमगोंडा अण्णांना दाखवायची हौस फार.
त्यांनी तिचा हात टॉवेलाखाली घेतला,
बोटं दाबून शिकवलं, हे एक, हे पाच,
असं चिमटलं की अर्धा.
भोवती नुसता कालवा,
हमाल, टेम्पो, धुरळा,
आणि टॉवेलाखाली या दोघांचा सौदा तुटला.
दोन लिमलेटच्या गोळ्या.
एकही शब्द न सांडता.
ती हसली. दात पिवळे झालेले, हळदीनं.

त्याच दुपारी काट्यावर पोतं पडलं.
काटा डुलत होता
आणि शेतकरी माझ्या तोंडाकडं बघत होता.
आकडा सांगायला मी थांबलो,
नेहमीसारखा.
अर्ध्या किलोचा सुद्धा घोळ नको म्हणून
वीस वर्षं थांबत आलोय मी
प्रत्येक पोत्यासाठी.

पोत्यासाठी.

तेव्हापासून जेवण झालं की
आम्ही दोघं टॉवेल घेऊन बसतो.
एक बोट म्हणजे, थांबा.
दोन म्हणजे, चुकलं, मी ते म्हणत नव्हते.
मूठ म्हणजे, आज राहू दे.
पहिला आठवडा नुसती दोन बोटं,
दोन बोटं, दोन बोटं.
माणूस आपल्या लेकराला
इतका चुकीचा वाचू शकतो?
ओठावर आलेला शब्द गिळायचा
म्हणून मी मनात पोती मोजायला लागलो.
कधी चार, कधी अकरा.
एकदा दूध उतू गेलं,
उठलो नाही.
बायको अजून बोलते त्यावरून.

मग एका गुरुवारी
तिनं टॉवेल बाजूला सारला.
द, म्हणाली.
द, द.
मी मोजत राहिलो.
दही? दार? दादा? सगळे शब्द
दातांमागं दाबून धरले.
सतराव्या पोत्याला ती म्हणाली,

"दप्तराचा बंद तुटलाय.
सोमवारी."

सोमवारी.
म्हणजे चार दिवस पोरगी
दप्तर पोटाशी धरून चालत होती
विश्रामबागपर्यंत,
आणि मी रोज सकाळी तिला विचारत होतो,
सगळं बरं हाय न्हवं?
आणि उत्तरही मीच देत होतो, हाय, हाय.

कोनाड्यातलं दाभण काढलं,
पोती शिवायची सुतळी ओवली
आणि दप्तर मांडीवर घेतलं.
ती जवळ सरकली.
मं, म्हणाली.
मं, मं.
मंगळवारचं काहीतरी असणार.
मी वर बघितलं नाही.
टाका घातला.
दुसरा घातला.